पिवळी वायर, लाल वायर

गाडीचा स्टिरिओ बदलायला किती वेळ लागतो? व्हिडिओतल्या माणसाला चौदा मिनिटं लागली होती. मला चार महिने लागले. त्यातली पहिली दुपार मी गाडीत वाकून बसले होते आणि बाकीचा सगळा काळ आपलं काही चुकलंय याचा मला पत्ताच नव्हता!

गाडी बाबांची. मारुती ८००, मॉडेल १९९९, एमएच-२७ पासिंग, म्हणजे आमची अमरावती. मारुतीने ही गाडी बनवणं २०१४ च्या जानेवारीत थांबवलं. बाबांनी चालवणं काही थांबवलं नाही. पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत नेऊन पाच वर्षांचं रिन्यूअल करून आणलं, मग पुन्हा पाच. ‘विका ना आता’ म्हटलं की ठरलेलं उत्तर, ‘‘तुह्यं काय खाते ते?’’

आत्या अकोल्याला एकटी राहते. त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी अमरावती-अकोला फेरी ठरलेली. हा रस्ता म्हणजे एकेकाळी वैताग होता. बडनेरा सुटलं की खड्डे सुरू आणि दारं, काचा, डिकी सगळ्यांचा एकत्र कोरस. मग २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्यावर गिनीज रेकॉर्ड झालं. ३ जूनला काम सुरू झालं आणि १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर टाकून मोकळे! आमचा रस्ता अख्ख्या देशाच्या बातम्यांत.

पण रस्ता गुळगुळीत झाला आणि एक भलतंच लक्षात आलं. गाडीतला खडखडाट थांबला, की मी आणि बाबा काहीच बोलत नाही! आधी निदान आवाजाचं निमित्त होतं. जुना कॅसेट प्लेअर तर कधीच टेप खाऊन बसला होता. पुण्याहून घरी गेलं, की बडनेऱ्यापासून बोरगाव मंजूपर्यंत आम्ही दोघं आणि एसीशिवायची शांतता. म्हणून ठरवलं, दिवाळीत बाबांना नवा स्टिरिओ. ब्लूटूथ, यूएसबी, रेडिओ, सगळं असलेला.

‘‘काहून वं, जुना काय खराब होता?’’ बाबा.

‘‘बाबा, तो वाजत नाही.’’

‘‘मंग? मी कुठं आयकतो?’’

दुकानदार फिटिंगचे पाचशे मागत होता. मी म्हटलं, पाचशे कशाला? मास कॉम केलंय, नेट आहे, दोन हात आहेत. किती अवघड असणार?

खरं सांगायचं, तर फंडा सोपाच आहे. बाहेरून घेतलेल्या बहुतेक स्टिरिओंच्या वायरींचे रंग ठरलेले असतात. काळी म्हणजे अर्थ, बॉडीला. पिवळी थेट बॅटरीला, तिच्यात कायम करंट. लाल मात्र किल्लीवर चालणारी, किल्ली फिरवली तरच तिला करंट. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या स्पीकरच्या, आणि प्रत्येकीची काळ्या पट्ट्याची एक जोडीदारीण. गोची एवढीच, की गाडीच्या वायरींचे रंग या हिशेबात बसत नाहीत. त्यात २०-२५ वर्षांत कुणी कुणी हात मारून ठेवलेला असतो. आमच्या डॅशबोर्डमागे तर नुसता शेवयांचा भात होता.

एक गोष्ट मी बरोब्बर केली. जुन्या फिटिंगमध्ये मागच्या स्पीकरना एकच वायर होती आणि दुसरं टोक सरळ पत्र्याला कसलेलं. नव्या स्टिरिओला हे चालत नाही. त्याच्या स्पीकरच्या दोन्ही वायरी ॲम्प्लिफायरमधून येतात, त्यातली एक बॉडीला टेकवली तर आतला भाग जळू शकतो. मी मागपर्यंत नवी जोडी ओढली. घामाघूम. बाबा दारात खुर्ची टाकून बघत होते.

दुसरी गोष्ट चुकवली. किल्लीवर चालणारी लाइन मला सापडेना. अंधार पडत आला, जेवायला हाका सुरू झाल्या. मी लाल आणि पिवळी एकत्र पिळल्या, कायम करंटच्या वायरला जोडल्या, वरून काळी टेप. बटण दाबलं आणि गाणं सुरू! किल्ली काढली तरी गाणं चालूच. मला वाटलं, वा, बोनस! बाबांना दाखवलं, फोटो काढला, पुण्याला परत.

फेब्रुवारीत आत्याचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर हसत हसत म्हणाली, ‘‘तुह्या बापानं सांगतलं का नाई? जानेवारीत मी मरतच होती.’’

रात्री दोन वाजता आत्याच्या छातीत दुखायला लागलं होतं. नशिबानं बाबा अकोल्यातच होते, दोन दिवसांपासून. आत्याला धरून गाडीत बसवलं, किल्ली फिरवली. टिक. पुन्हा फिरवली. टिक. शेजारच्यांनी त्यांची ऑटो काढली, तिच्यातून दवाखाना गाठला. ईसीजी नॉर्मल निघाला, ॲसिडिटी होती. पण ते नंतर कळलं. त्या वीस मिनिटांत बाबांचं काय झालं असेल, ते आत्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सकाळी मेकॅनिक आला, म्हणाला बॅटरी उतरली. बाबांनी नवी टाकली. चार दिवसांनी तीही उतरली. मेकॅनिकनं डॅशबोर्डखाली डोकं घातलं आणि विचारलं, हे वायरिंग कोणी केलं? आत्या सांगते, बाबा एकदम म्हणाले, ‘‘पोरीनं केलं हाये, हात लावू नको.’’

मी त्याच शनिवारी अकोल्याला पोचले. बाबा तिथेच होते. डॅशबोर्डवर दहा नंबरचा पाना पडलेला. तेव्हा उलगडा झाला. रोज रात्री बाबा बॉनेट उघडून बॅटरीची वायर काढून ठेवायचे आणि सकाळी परत लावायचे. वय ६७. वायर काढली, की स्टिरिओची मेमरी पुसली जाते. म्हणून मग रोज सकाळी चष्मा लावून, एकेक टप्पा पुढे करत आकाशवाणी अकोला शोधायचं. महिनाभर हे चाललं होतं. ‘तुझं वायरिंग चुकलंय’ एवढं वाक्य मला ऐकवायला लागू नये म्हणून.

‘‘सांगायचं ना, बाबा!’’

‘‘तू सुट्टी काढून आली होती. गाडीत वाकून वाकून केलं. आता तुले काय सांगाव?’’

चूक नेमकी कुठे होती? जुन्या प्लेअरचा आवाजाचा खटका डावीकडे फिरवत नेला, की ‘कट्’ व्हायचं आणि तो बंद पडायचा. बाबांनी नव्याचाही तसाच फिरवला. आवाज शून्य झाला, बाबांना वाटलं बंद. पण आत सगळं जागंच. असा स्टिरिओ अर्धा अँपिअर जरी ओढत राहिला, तरी ८०० ची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी तीन दिवसांत रिकामी होते. आणि स्टार्टर तर त्याच्या बराच आधी हात वर करतो. त्यावर गाडीला कव्हर, त्यामुळे डिस्प्लेचा उजेडही दिसला नाही.

या वेळी पहिलं काम, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. जोड मोकळे केले आणि उघडी टोकं झाकून, कुठे टेकणार नाहीत अशी ठेवून वायर परत लावली. मग टेस्ट लॅम्प. साधा बारा व्होल्टचा बल्ब, एक टोक बॉडीला आणि दुसऱ्यानं एकेक वायर तपासायची. किल्ली काढल्यावरही पेटतो ती पिवळीची. किल्लीबरोबर पेटतो आणि विझतो ती लालची. बल्ब बाबांनी धरला, किल्ली आत्यानं फिरवली. ‘‘चालू... बंद... चालू...’’ तिला भलतीच मजा येत होती. पाचव्या वायरला बल्ब किल्लीबरोबर विझला. दिवाळीत दहा मिनिटं जास्त बसले असते तर...

निगेटिव्ह पुन्हा काढून दोन्ही लाइनना फ्यूज टाकले, जोड सोल्डर केले, वर स्लीव्ह चढवली. टेप नाही. २०२४ च्या मेमध्ये उन्हापायी कलम १४४ लावावं लागलं होतं असा हा जिल्हा. इथल्या बंद गाडीत टेपचा गोंद किती दिवस टिकणार?

मग बाबांनी स्टेशन लावलं. किल्ली काढली, सगळं बंद. किल्ली लावली, आकाशवाणी अकोला आपोआप हजर. त्यांनी तीनदा करून पाहिलं.

‘‘आता इसरत नाई का हा?’’

‘‘नाही विसरणार. पिवळी त्याच्यासाठीच असते.’’

रविवारी आम्ही दोघं अमरावतीला निघालो. पाना डिकीत गेला होता. रेडिओवर गाणी चालू होती, बाबा स्टीअरिंगवर बोटांनी ताल धरत होते. मी मनात म्हटलं, चला, पैसे वसूल. मुर्तिजापूर मागे पडलं आणि स्टेशन खरखरायला लागलं. मी दुसरं शोधायला हात पुढे केला, तर बाबांनीच बटण दाबून धरलं. बरोबर दाबून, डिस्प्ले विझेपर्यंत.

आणि मग त्या रात्रीचं सगळं स्वतःहून सांगायला लागले.