किल्ली कोणाच्या हातीं?

दूरच्या कचेरींतील संगणक अडला असतां तेथें न जातां तो घरबसल्या मार्गीं लावतां यावा, ही सोय आतां नवलाची राहिलेली नाहीं. केंब्रिज येथील ऑलिव्हेटी प्रयोगशाळेंत तयार झालेलें व्हीएनसी हें साधन १९९८ मध्यें सर्वांस मोफत खुलें झालें. त्यानंतर अशा साधनांची रांगच लागली. तेव्हां प्रश्न साधन मिळण्याचा नसून निवडण्याचा आहे. निवडतांना केवळ किंमत पाहावी कीं आणखी कांहीं, याविषयीं आमच्या घरांत बराच खल झाला. त्याचें सार वाचकांस उपयोगीं पडेल असें वाटतें.

आमच्या कुटुंबाचा हिशेब लिहिण्याचा व करपत्रकें भरून देण्याचा व्यवसाय पुणें, सातारा व सांगली अशा तीन ठिकाणीं चालतो. संगणक चौदा, त्यांची जाण असलेला एकटा आमचा पुतण्या. पूर्वीं साताऱ्यास प्रिंटर रुसला कीं त्याला गाडी धरावी लागे. दहा मिनिटांच्या कामांत दिवस जाई.

पहिली सूचना आली ती अर्थातच फुकटच्या साधनाची. टीमव्ह्यूअर व एनीडेस्क हीं दोन्ही जर्मन साधनें खासगी वापरास विनामूल्य आहेत. धंद्यासाठीं वापरावयाचीं तर पैसे मोजावे लागतात. "कोण पाहतो?" असें घरांतील एका तरुणानें म्हटलें. कंपनी पाहते. धंद्याचा संशय आला कीं जोडणी मध्येंच तुटूं लागते. आणि समजा, न तुटली. तरी जो लोकांचे कर चोख भरून देतो, त्यानें स्वतः अशी पळवाट काढणें शोभत नाहीं. शिवाय फुकटची सोय कायम राहील याची हमी कोण देणार? लॉगमीइननें आपली मोफत सेवा जानेवारी २०१४ मध्यें बंद केली.

पैसे द्यावयाचे तर आकारणी कशावर, हें आधीं विचारावें. कोठें ती मदत करणाऱ्या माणसांवर असते, कोठें मदत घेणाऱ्या यंत्रांवर. आमच्याकडे वैद्य एक आणि रोगी चौदा. तेव्हां पहिला प्रकारच परवडणारा.

विंडोजमधील क्विक असिस्टला निराळा खर्च नाहीं. समोरच्या माणसानें सांकेतिक अक्षरें भरून परवानगी दिल्यावांचून तें चालत नाहीं, हा त्याचा गुण. समोर कोणी नसल्यास कांहींच करतां येत नाहीं, ही उणीव. विंडोजचें रिमोट डेस्कटॉप होम आवृत्तीच्या यंत्राचा ताबा देत नाहीं, त्यास प्रो आवृत्ति लागते. आणि तें इंटरनेटवर उघडें ठेवणें म्हणजे रात्रीं वाड्याचा दिंडीदरवाजा सताड टाकणें होय. रस्टडेस्क हें मुक्तस्रोत असून त्याचा मध्यस्थ सर्व्हर आपला आपल्याला चालवतां येतो. त्याच्या साध्या सर्व्हरला परवान्याचा खर्च नाहीं. परंतु तो अद्ययावत् ठेवण्याचे व राखण्याचे श्रम हिशेबांत धरलेच पाहिजेत.

अखेर असें ठरलें कीं, रोजच्या अडचणींस क्विक असिस्ट वापरावें आणि रात्रीं दुरुस्त करावीं लागणाऱ्या तीन यंत्रांपुरतें स्वतःच्या सर्व्हरवर रस्टडेस्क ठेवावें.

पण साधन ठरलें म्हणजे काम संपलें असें नव्हे. फेब्रुवारी २०१९ मध्यें रिझर्व्ह बँकेनें एनीडेस्कच्या आडून होणाऱ्या फसवणुकीविषयीं बँकांस सावध केलें. भामटे कुलूप फोडीत नव्हते. गोड बोलून मालकाकडूनच किल्ली मागून घेत होते. म्हणून आम्हीं एक नियम केला : मदतीचा फोन आला कीं तो ठेवावा, वहींत लिहिलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा, मगच परवानगी द्यावी.

सांगलीची कचेरी आमच्या काकू सांभाळतात. त्यांस एके दुपारीं बँकेच्या नांवानें फोन आला. पडद्यावरील अंक सांगा, असें बोलणारा आर्जवानें म्हणूं लागला. काकू म्हणाल्या, "थांबा, मी आमच्या वहींतल्या नंबरावर विचारतें." तिकडून फोन बंद झाला. त्या यंत्रांत दोनशेंवर कुटुंबांचीं उत्पन्नें, कर्जें आणि आजारपणाचे खर्च नोंदलेले होते.

ज्यांना असें साधन घ्यावयाचें असेल त्यांनीं किंमतपत्रक अवश्य पाहावें. पण त्याबरोबरच, संगणकापुढें बसणाऱ्या माणसास 'नाहीं' म्हणण्याची मुभा आहे कीं नाहीं, हेंहि पाहावें. ती असेल तर स्वस्तांतलें साधनहि पुरतें.