फक्त 'सौ.' आणि आडनाव

शनिवार, रात्री

आज पुन्हा आम्ही चौघी महिला मंडळाची जुनी इतिवृत्तं उतरवायला बसलो. एकीनं वाचायचं, दुसरीनं टाइप करायचं, बाकी दोघींनी ताडून पाहायचं. नियम एकच: अक्षर लागलं नाही तर अंदाजानं भरायचं नाही, जागा मोकळी सोडायची.

१९५७च्या वहीत हिशेब आणे-पैंवरून नव्या पैशांवर येतो. एका रुपयाचे सोळा आणे सोडून शंभर पैसे मोजायला शिकणाऱ्या खजिनदारबाईंची खाडाखोड पाहून गलबलून आलं.

हजेरीत मात्र फक्त 'सौ.' आणि आडनाव. एकाच आडनावाच्या तिघी. कोण कुठली, कसं ओळखायचं? मग एका पावतीमागे पूर्ण सही सापडली, स्वतःच्या नावाची. आम्ही ती दोनदा मोठ्यानं वाचली.

पंडिता रमाबाईंनी १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला, हे पुस्तकांत आहे. शिवणवर्गासाठी दारोदार वर्गणी मागणाऱ्या या बायका मात्र याच वह्यांत आहेत. वाळवी लागण्याआधी त्यांना त्यांच्या नावानिशी बाहेर आणायचं आहे.