एका युनिटएवढी हवा

इन्सुलिन पंपाच्या कार्ट्रिजमध्ये साबुदाण्याच्या दाण्याएवढा, पावणेतीन मिलिमीटरचा बुडबुडा राहिला, की त्यानं एका युनिटची जागा अडवली असं समजावं. पंपात भरतात त्या इन्सुलिनच्या १ मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतात, त्यावरून हा हिशोब निघतो. दिवसाला चाळीस-पन्नास युनिट लागणाऱ्या मोठ्या माणसाचं एका युनिटानं फारसं बिघडत नाही. पण रात्री तासाला ०.२ युनिट बेसल, म्हणजे सतत झिरपणारं इन्सुलिन, चालणाऱ्या लहान मुलीच्या नळीत तेवढी हवा शिरली, तर पाच तास तिला इन्सुलिनच मिळत नाही. पंपातलं इन्सुलिन लवकर असर करणारं असतं, तीन-चार तासांत ते ओसरतं, आणि अंगात दुसरा साठा नसतो. सकाळी शुगर तीनशेच्या वर, पोटात मळमळ, इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साचणारे कीटोन वाढलेले. पंपाच्या पडद्यावर मात्र सगळे आकडे बरोबर! कारण दट्ट्या किती सरकला एवढंच पंप मोजतो. दट्ट्यापुढं इन्सुलिन आहे की हवा, हे त्याला ठाऊक नसतं. नळी तुंबली तर दाब वाढतो आणि पंप ओरडतो. हवा आली तर तो गप्प असतो.

सोलापुरात टाइप-१ मधुमेहाच्या मुलांच्या घरच्यांना पंप भरायला शिकवणं हे माझं काम. बेसल, बोलस म्हणजे एकदम द्यायचा डोस, कार्बोहायड्रेटची मोजणी हे सगळं आया भराभर शिकतात. कडक भाकरीत किती आणि शेंगाचटणीत किती, ते त्या दोन आठवड्यांत मला सांगायला लागतात. वेळ लागतो तो कार्ट्रिज भरायला, कारण तिथं घाई चालत नाही.

त्यात आमचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो आणि इन्सुलिनची बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवलेली. थंड द्रवात हवा जास्त मुरते. पाण्याचा हिशोब धरला तर ५ अंशांना एका लिटरमध्ये साधारण २५ मिलिलिटर हवा मावते, ३० अंशांना पंधरा-सोळाच. म्हणजे फ्रिजमधून काढल्या काढल्या ३ मिलिलिटरचं कार्ट्रिज भरलं, की ते अंगावर तापताना दोन-तीन युनिटांच्या जागेइतकी हवा आतल्या आत सुटू शकते. भरताना बुडबुडा नव्हता हो, असं आया शपथेवर सांगतात, आणि ते खरंच असतं. हे पटवायला मी फ्रिजमधल्या पाण्यानं भरलेला काचेचा पेला टेबलावर ठेवते आणि दुसरं बोलत राहते. अर्ध्या तासानं पेल्याच्या आतल्या बाजूला बारीक मोती लागलेले दिसतात. त्यानंतर मला पुन्हा सांगावं लागत नाही.

म्हणून बाटली आधी बाहेर काढायची आणि घरातल्या गार जागी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. वापरात असलेली बाटली ३० अंशांच्या आत राहिली तर साधारण चार आठवडे चालते, पण आमच्याकडं पत्र्याच्या घरात दुपारी ३० अंश कुठून आणायचे? तिथं ओल्या मातीचं मडकं कामाला येतं. इथली हवा कोरडी, त्यामुळं मडकं चांगलं झिरपतं आणि आतली डबी बरीच गार राहते. डबी घट्ट झाकणाची हवी, बाटलीला पाणी लागता कामा नये.

मग भरणं. नव्या कार्ट्रिजचा दट्ट्या एक-दोनदा वरखाली करायचा, म्हणजे आतलं सिलिकॉनचं वंगण सगळीकडं पसरतं. जेवढं इन्सुलिन घ्यायचं तेवढी हवा आधी बाटलीत सोडायची, नाहीतर बाटलीत ओढ तयार होते आणि तीच बुडबुडे खेचते. बाटली उलटी धरून दट्ट्या सावकाश ओढायचा. मी आयांना सांगते, मनात रामरक्षा म्हणा, अंक मोजा, काहीही करा, पण हात धावू देऊ नका. जोरात ओढलं की बुडबुडे आलेच. कडेला चिकटलेले पेनानं टिचक्या मारून वर आणायचे, एकत्र करायचे, बाटलीत परत ढकलायचे आणि कमी पडलं तेवढं पुन्हा घ्यायचं. नंतर कार्ट्रिजचं तोंड वर करून नळी भरायची. नळी भरताना ती अंगाला जोडलेली नसावी, हे मी प्रत्येक वेळी सांगते. सुईच्या टोकाला थेंब येईपर्यंत थांबायचं.

हा थेंब फार जिवावर येतो. नळी भरायलाच दहा-पंधरा युनिट जातात, आणि हवा दिसली की आणखी काही सोडावे लागतात. पंपाला लाखांत आणि महिन्याच्या सामानाला हजारांत पैसे मोजणारी माणसं असतात ही. कुणी यंत्रमागावर, कुणी विडीच्या पानांवर घर चालवलेलं, पंपासाठी नातेवाइकांकडून उसने घेतलेले. त्यांना इन्सुलिन सांडा म्हणताना माझाही जीव कासावीस होतो. तरी सांगते. दोन युनिट वाचवून मूल कीटोनमुळं दवाखान्यात गेलं, तर ती बचत कुणाच्या कामाची?

दुसरी अडचण भीतीची. सलाईनच्या नळीत हवा दिसली की जीव जाईल, ही धास्ती घराघरांत आहे. पंपाचं इन्सुलिन शिरेत जात नाही, कातडीखालच्या चरबीत जातं, आणि तिथं गेलेली थोडी हवा तशीच जिरते. हवेनं इजा होत नाही, न मिळालेल्या इन्सुलिननं होते. सुईनं दहा युनिट टोचताना एक युनिट हवा आली तर दहावा हिस्सा कमी पडतो, गोष्ट तिथं संपते. पंपात तोच बुडबुडा अख्खी रात्र खातो. एवढं नीट कळलं की घाबरणारे घाबरत नाहीत आणि बेफिकीर असलेले नळी बघायला लागतात.

बघणं हे मात्र ज्याचं त्याचं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरात नातीच्या नळीतला केसाएवढा पोकळ तुकडा सगळ्यांआधी आजोबांना दिसतो. आयुष्य चादरीच्या मागावर गेलेलं, तुटलेला धागा हेरायची सवय. चष्मा कपाळावर ढकलून ते नळी खिडकीच्या उजेडात धरतात आणि सुनेला तेलुगूत हाक मारतात. त्या घरात नळी तपासायचं काम मी त्यांच्याकडंच सोपवलं आहे. नाकाचाही उपयोग होतो. इन्सुलिनमध्ये मेटाक्रेसॉल असतं, त्याचा दवाखान्यासारखा वास जोडाजवळ आला तर तिथून गळतंय हे नक्की, आणि गळतं तिथून हवाही शिरते.

सुट्टीत महाबळेश्वरला जाणाऱ्यांनाही सांगून ठेवते. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि आतला बुडबुडा फुगतो. विमानात तर केबिनचा दाब जमिनीवरच्या सुमारे तीन-चतुर्थांशावर येतो. फुगलेली हवा थोडं इन्सुलिन आगाऊच पुढं ढकलते. उड्डाणानंतर आणि उतरल्यावर नळी बघावी.

लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये पिकप आणि कीन यांनी १९७८ मध्ये पंपानं कातडीखाली सतत इन्सुलिन देण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. तेव्हापासून पंप पुष्कळ शहाणा झाला. सेन्सरचे आकडे वाचून तो बेसल स्वतः कमीजास्त करतो. पण कार्ट्रिज हातानं भरायचं असेल, तर त्यातली हवा हातानंच काढावी लागते. सेन्सरच्या पंपात तर उलटा घोळ होतो: शुगर चढते, पंप जास्त इन्सुलिन पाठवायला निघतो आणि हवाच पाठवतो.

पंप असलेल्या घरांना एवढंच सांगणं आहे. जेवणाचं कारण नसताना शुगर चढली आणि ती उतरवायचा करेक्शन डोस देऊनही उतरली नाही, तर पुन्हा बोलस देण्याआधी नळी उजेडात धरा. हवा दिसली तर नळी अंगापासून सोडवा, थेंब येईपर्यंत ती भरा, मग जोडा. कीटोन असतील तर पंपावर विसंबू नका. इन्सुलिन पेननं किंवा सिरिंजनं इन्सुलिन द्या आणि डॉक्टरांना फोन करा. त्यासाठी एक सिरिंज घरात आणि एक मुलाच्या दप्तरात कायम असू द्या.