रोज अर्धा तास चाला

मधुमेह निघाला की पहिला सल्ला मिळतो तो रोज अर्धा तास चालण्याचा. सल्ला खोटा नाही. आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, दोन दिवसांहून अधिक सलग खंड नको आणि दोन-तीनदा स्नायूंची ताकद वाढविणारे व्यायाम, हे प्रमाण आता जगन्मान्य आहे. आमचे म्हणणे एवढेच, की प्रमाण सर्वांचे असते, शरीर मात्र एकेकाचे.

भंडारा जिल्ह्यातले एकोडी हे आमचे धानाचे गाव. तेथे आमचे मोठे बाबा आणि मोठी आई, दोघांनाही मधुमेह. दोघांच्या चिठ्ठ्यांवर ओळ एकच: रोज चालणे. मोठे बाबा निवृत्त शिक्षक. दिवस आरामखुर्चीत जातो, तेव्हा त्यांना ती ओळ चपखल लागू पडली. मोठी आई अंगाने किडकिडीत. ‘हिला कशी साखर?’ असे गाव विचारी. पण सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी केव्हाच दाखवून दिले आहे.

जुलै-ऑगस्टात ही बाई दिवसभर बांधीत वाकून रोवणी करते. तिने आणखी चालावे, हे सांगणे म्हणजे थट्टाच. श्रमणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो, आणि हा परिणाम श्रम थांबल्यावरही कित्येक तास टिकतो. गोळी मात्र बारमाही तेवढीच, आणि शिदोरी उशिरा सुटणारी. घाम फुटून, हात थरथरत ती दोनदा धुऱ्यावर बसली. बायकांनी त्याला थकवा म्हटले. उलट, आमची शेती पावसावरची असल्याने उन्हाळ्यात तिला काम नसते, आणि साखर चढते. तिला हवे होते ते वेळापत्रक नव्हे, पंचांग.

नव्या डॉक्टरांनी ते मांडले. रोवणीच्या दिवसांत गोळीची मात्रा कमी, पदराला गूळ, जेवण वेळेवर; उन्हाळ्यात पहाटेचे चालणे आणि खुर्चीवरून उठबस. मोठ्या बाबांच्या डोळ्यांच्या पडद्यावर दोष निघाल्याने त्यांना श्वास रोखून वजन उचलण्यास मनाई झाली. मग डॉक्टरांनी मोठ्या आईच्या तळपायाला नायलॉनचा तंतू टेकवला. तिला तो कळला नाही. बधिर पायांनी चिखलात उतरायचे नाही, असे ठरले.

व्यायामाची आखणी म्हणजे काय करावे याची यादी, असा समज असतो. तिच्या आखणीत एक गोष्ट वजाही झाली, आणि ती चाळीस वर्षांच्या सोबतिणींची रांग होती. आता ती धुऱ्यावर पायांत जोडे घालून पऱ्ह्यांच्या पेंढ्या बांधते. साखर आटोक्यात आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात मधुमेही दहा कोटींच्या वर आहेत. इतक्यांना एकच ओळ लिहून देणे सोपे खरे. पण प्रत्येकाला ‘तुमचा दिवस कसा जातो?’ एवढे विचारायला दोन मिनिटेही लागत नाहीत.