ते पोस्ट आणि ती पोस्ट

भाषाविज्ञानाच्या प्राथमिक पुस्तकांत अनेकार्थता आणि समरूपता यांतील भेद दोन ओळींत सांगितलेला असतो. एकाच शब्दाला काळाच्या ओघात अनेक अर्थ फुटले तर ती अनेकार्थता. मुळात भिन्न असलेले शब्द झिजत झिजत एकाच रूपाला येऊन ठेपले तर ती समरूपता. परीक्षेत एवढे उत्तर पुरते. मात्र एखादा शब्द प्रत्यक्ष हाती घेतला, आणि तोही परभाषेतून आपल्याकडे आलेला असला, तर हा भेद नेमका कोणाच्या दृष्टीने करावयाचा, असा प्रश्न उभा राहतो. मूळ भाषेच्या दृष्टीने की घेणाऱ्या भाषेच्या? 'पोस्ट' या इंग्रजी शब्दाने हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्यापुढे ठेवला आहे. त्याला शास्त्रीय कारण आहे तसे घरगुतीही आहे. दोन्ही येथे मांडते.

इंग्रजीतील एवढासा शब्द कोशात मोठी जागा अडवतो, यात नवल नाही. ऑक्सफर्ड कोशाच्या 1989 मधील दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद होती ती 'सेट' या शब्दाची. 'पोस्ट'ची नोंद तेवढी लांब नाही, पण तिची गुंतागुंत निराळी आहे. येथे एका झाडाच्या फांद्या नाहीत. तीन-चार झाडे एकमेकांना लगटून वाढली आहेत आणि लांबून पाहणाऱ्याला ते एकच झाड वाटते.

त्यांतला सर्वांत जुना पोस्ट म्हणजे खांब. लॅटिनमध्ये 'पोस्टिस' म्हणजे दाराच्या चौकटीचा उभा खांब. तो प्राचीन इंग्रजीतच येऊन दाखल झाला. रस्त्यावरील दिव्याचा खांब, फुटबॉलच्या गोलाचा खांब हे त्याचेच वंशज. जाहीर सूचनेचा कागद अशा खांबाला डकवीत, त्यावरून 'पोस्ट करणे' म्हणजे सर्वांच्या नजरेस पडेल असे लावणे, हे क्रियापद सतराव्या शतकात रूढ झाले. आज फेसबुकावर माणूस जे 'टाकतो' त्याचा पूर्वज पोस्टमन नसून हा खांब आहे. संगणकावरील सूचनाफलकांच्या वाटेने तो तेथवर पोहोचला. वर्गात हे सांगितले की विद्यार्थ्यांचा चटकन विश्वास बसत नाही.

यानंतरच्या दोन शब्दांचा उगम एकाच धातूत आहे. लॅटिनमधील 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. त्याच्या कर्मणि भूतकृदंताचे स्त्रीलिंगी रूप 'पोसिता', म्हणजे 'ठेवलेली'. त्यावरून इटालियन 'पोस्ता', त्यावरून फ्रेंच 'पोस्त', आणि सुमारे 1500 च्या आसपास इंग्रजी 'पोस्ट'. ठरावीक अंतरांवर घोडे आणि स्वार ठेवलेले असत, ती ठेवण म्हणजे पोस्ट. पुढे ठिकाणावरून स्वार, स्वारावरून त्याच्या थैलीतील पत्रे, पत्रांवरून ती गोळा करणारी कचेरी असा अर्थ सरकत गेला. आपल्या साहित्यशास्त्रातील लक्षणेचा एवढा स्वच्छ नमुना शोधून सापडावयाचा नाही. त्याच कृदंताचे नपुंसकलिंगी रूप 'पोसितुम'. त्यावरून इटालियन 'पोस्तो' आणि फ्रेंचमार्गे, सोळाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्रजीत दुसरा 'पोस्ट': शिपायाला जेथे उभे केले ती पहाऱ्याची जागा. तीच पुढे नोकरीतील जागा झाली.

राहिला तो 'नंतर' या अर्थाचा लॅटिन 'पोस्ट'. पोस्टमॉर्टेम, पोस्टग्रॅज्युएट हे त्याचे संसार. अलीकडे चर्चासत्रांतून त्याने 'उत्तर' हे रूप घेऊन इतका धुमाकूळ घातला आहे की उत्तराधुनिक आणि आधुनिकोत्तर यांपैकी कोणते म्हणावे यातच पहिले सत्र संपते. मरणोत्तर या अर्थाच्या 'पॉस्थ्युमस' या शब्दाची गंमतही येथेच सांगून टाकते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ केवळ 'सर्वांत शेवटचा'. पण मरण म्हटल्यावर माती आलीच, म्हणून 'हुमुस' या मातीवाचक शब्दाच्या ओढीने त्यात एक 'ह' शिरला. लोकव्युत्पत्ती फक्त खेड्यातील माणसेच करतात असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. टपालवाचक आणि स्थानवाचक असे हे दोन जुळे शब्द फ्रेंचमध्ये लिंगाने वेगळे राहिले आहेत. टपाल स्त्रीलिंगी, जागा पुल्लिंगी. इटालियनमध्येही तसेच. इंग्रजीने मात्र नामांचे व्याकरणिक लिंग केव्हाच टाकून दिले असल्यामुळे तेथे हे दोघे एकरूप झाले, आणि खांबही त्यांच्यात मिसळला. इंग्रजांबरोबर हा शब्द आपल्याकडे आला तो असा लिंगहीन, एकजीव होऊन. लॅटिनमधील स्त्रीलिंग-नपुंसकलिंगाचा हा इतिहास मराठी बोलणाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही मराठीने तो गोळा पुन्हा फोडला.

'पोस्ट उघडलं', 'पोस्ट बंद झालं', 'पोस्टात जाऊन ये', 'पोस्टाचं तिकीट' असे आपण म्हणतो. हे पोस्ट नपुंसकलिंगी आहे आणि त्याचे सामान्यरूप 'पोस्टा-' असे बिनबोभाट होते. उलट 'पोस्ट निघाली', 'पोस्ट भरली', 'त्या पोस्टवर कोण आहे?' येथे शब्द स्त्रीलिंगी झाला आहे आणि त्याचे सामान्यरूप होत नाही. 'त्या पोस्टावर प्राध्यापक नेमले' असे कोणी म्हटले तर ऐकणारा थबकेल. माळावर आणि माळेत यांत जो भेद आहे, किंवा गळ्यातला तो हार आणि लढाईतली ती हार यांत जो भेद आहे, त्याच साधनाने मराठीने हे काम उरकले. गंमत अशी की वाटणी नेमकी उलटी झाली. लॅटिनमध्ये टपालाचा मूळ शब्द स्त्रीलिंगी आणि जागेचा नपुंसकलिंगी. मराठीत टपालाचे ते पोस्ट आणि जागेची ती पोस्ट.

असे का झाले असावे? मला वाटते, शब्द घरात येताना शेजारच्या शब्दाचे लिंग घेऊन येतो. टपाल नपुंसकलिंगी आहे, ऑफिसही नपुंसकलिंगी. पोस्ट त्यांच्या पंक्तीला बसले. नोकरीच्या बाबतीत शासकीय जाहिरातीत 'पद' असते, आणि पद नपुंसकलिंगी आहे. पण जाहिरात वाचणारा मनुष्य बोलताना पद म्हणत नाही, तो 'जागा निघाल्या' म्हणतो. पोस्टने पदाचे लिंग न घेता जागेचे घेतले, याचा अर्थ हा शब्द कचेरीच्या कागदातून नव्हे, तर वाट पाहणाऱ्यांच्या बोलण्यातून मराठीत रुजला. सामान्यरूपाचा पुरावा याला जोडून पाहावा. बँकेत, मोटारीत, पेन्सिलीने या रूपांवरून दिसते की जुने इंग्रजी स्त्रीलिंगी शब्द मराठी विभक्तीला वश झाले आहेत. नोकरीची पोस्ट अजून झालेली नाही.

पोस्ट येण्यापूर्वी आपल्याकडे ही व्यवस्था नव्हती असे नाही. पेशवाईत पत्रे नेणारे जासूद होते, डाक होती. डाक या शब्दाच्या पोटातही टप्प्याटप्प्यांवर ठेवलेली माणसे आणि घोडे आहेत, म्हणजे युरोपातील पोस्ट ज्या वाटेने पत्रापर्यंत आली त्याच वाटेने आपली डाकही आली. इंग्रजांनी तो शब्द स्वतःच्या भाषेत घेतला. टपाल या शब्दाविषयी मात्र 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात उगम अस्पष्ट असल्याचे म्हटले आहे आणि तर्क दिले आहेत. कोणी फ्रेंच 'एताप' म्हणजे मुक्कामाच्या टप्प्याकडे बोट दाखवतो, कोणी शिक्का मारण्याच्या ठिकाणाकडे. परिणामी आज कचेरीच्या पाटीवर डाकघर, लेखी मराठीत टपाल आणि तोंडात पोस्ट अशी त्रिस्थळी यात्रा चालू आहे. दिवाळीत पोस्टमन जे पोस्त मागतो त्याचा याच्याशी संबंध नाही, हेही नोंदवले पाहिजे. फारसीत पोस्त म्हणजे कातडी, साल, अफूचे बोंड. पण पोस्टमन मागतो म्हणून ते पोस्त, अशी आमच्या आळीत अनेकांची पक्की समजूत होती.

घरगुती कारण आता सांगते. माझे वडील सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात शाखा पोस्टमास्तर होते. खात्याच्या भाषेत 'अतिरिक्त विभागीय' कर्मचारी. पुढे या वर्गाला ग्रामीण डाकसेवक असे नाव मिळाले. अशा शाखा बहुधा पोस्टमास्तरांच्या घरीच चालत. आमच्या ओसरीवर एक मेज, एक लोखंडी पेटी, तराजू आणि शिक्का एवढे साहित्य होते. सकाळी थैली आली की माणसे जमत. 'मास्तर, पोस्ट उघडलं का?' ही हाक मी हजारदा ऐकली असेन. काम दिवसाचे काही तासच असे, बाकीचा वेळ वडील शेतात. माझ्या मामांना या व्यवस्थेचे कोडे कधी उलगडले नाही. दर दिवाळीला ते विचारीत, 'दाजी, तुमची पोस्ट पर्मनंट कधी होणार?' वडील हसून ओसरीकडे हात करीत, 'पोस्ट काय, ही बघा की, हितंच हाय.'

मामांनी विचारली होती ती पोस्ट. वडिलांनी दाखविले ते पोस्ट. कोटी साधली ती लिंगाच्या फटीत. वाक्यात क्रियापद मोघम ठेवून त्यांनी ती फट बरोबर हेरली होती. त्यांना व्याकरणाचे शिक्षण नव्हते.

ही केवळ घरातली कोटी नव्हती, हे मला फार उशिरा कळले. अशा अतिरिक्त विभागीय कर्मचाऱ्याला 'पोस्ट' आहे की नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. राज्यघटनेच्या 311 व्या अनुच्छेदात नागरी पद धारण करणाऱ्यांना संरक्षण दिले आहे. ते पोस्टातील या माणसांना लागू होते का, असा वाद होता. 1977 साली न्यायालयाने निर्णय दिला की हे कर्मचारी हंगामी मजूर नव्हेत, ते पोस्ट धारण करतात. मात्र ती नियमित नागरी सेवेच्या बाहेरची आहे. इंग्रजी निकालपत्रात कचेरीचे पोस्ट आणि पदाची पोस्ट एकाच अक्षरांनी छापलेली आहेत. तो निकाल मी मराठीत मनातल्या मनात वाचला, तेव्हा प्रत्येक ठिकाणी लिंग घालीत गेले. मामांच्या प्रश्नाचे उत्तर वडिलांच्या कोटीच्या बरेच आधी देऊन झालेले होते. ते आमच्या ओसरीवर कोणी वाचून दाखविले नव्हते इतकेच.

मी स्वतः एका महाविद्यालयात नऊ वर्षे तासिका तत्त्वावर शिकविले. तेथे विषय होता, विद्यार्थी होते, हजेरीपट होता, पोस्ट नव्हती. त्या काळात या शब्दाभोवतीची क्रियापदे मी वहीत उतरवू लागले. पोस्ट मंजूर होते, निघते, राखीव असते, बिंदुनामावलीत अडकते, भरते, गोठते, वर्कलोड कमी झाला की जाते. यांतले 'निघते' मला विशेष बोलके वाटते. मराठीत अंकुर निघतो, पाणी निघते, वाट निघते. ज्यावर आपला हुकूम चालत नाही अशा गोष्टी निघतात. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. आमच्या विभागात पेढे वाटले गेले. पेढा हातात असतानाच एका संशोधक विद्यार्थ्याने विचारले, 'मॅडम, मग आता पोस्ट निघतील?' भाषेच्या प्राचीनतेचे पुरावे त्याने उत्तम पाठ केले होते, आणि त्याचा प्रश्नही मला तितकाच अभ्यासपूर्ण वाटला.

कोशाच्या दृष्टीने निष्कर्ष काय, हे थोडक्यात सांगते. व्युत्पत्ती पाहून नोंदी करावयाच्या तर 'पोस्ट'च्या चार होतील. मराठी वापर पाहिला तर तीनच होतात, आणि त्या चारांशी जुळत नाहीत. खांब हा अर्थ मराठीत सुटा उरलेला नाही. 'चेंडू गोलपोस्टच्या खांबाला लागला' असे आपण खुशाल म्हणतो. 'नंतर'वाला पोस्ट समासाच्या बाहेर येत नाही. टपालाचे नपुंसकलिंगी पोस्ट, नोकरीची स्त्रीलिंगी पोस्ट आणि फेसबुकावरची स्त्रीलिंगी पोस्ट या तीन नोंदी राहतात. शेवटच्या दोन वेगळ्या ठेवाव्यात, कारण फेसबुकावरच्या पोस्टचे 'पोस्टी' असे अनेकवचन आता सर्रास लिहिले जाते. नोकरीच्या पोस्टचे तसे अनेकवचन माझ्या कानी आलेले नाही. यांपैकी पहिली नोंद तर जुनी होत चालली आहे. तार 2013 मध्ये बंद झाली, 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले. या शब्दाचे जुने वापर माहीत असलेली पिढी बोलती आहे तोवर ते टिपून ठेवले पाहिजेत.

त्यासाठी यंदा पदव्युत्तर वर्गाला घरातली, गावातली वाक्ये चिठ्ठ्यांवर उतरवून आणावयास सांगितले आहे. एका विद्यार्थिनीने आणलेल्या पहिल्याच चिठ्ठीवर थोरल्या भावाच्या तोंडचे वाक्य आहे: 'पोस्टानं कॉल लेटर आलं, तोवर पोस्ट भरली होती.' खाली तिने सामान्यरूप आणि लिंग यांच्या खुणा अचूक केल्या आहेत.