कोल्ह्याचा वाटा

कोल्हा मी आधी ऐकला, बघितला फार नंतर. वालावलला कर्लीकाठच्या कांदळवनातून तिन्हीसांजेला एक कोल्हा ओरडायचा, मग पलतडीवरून दुसरा, आणि बघता बघता सगळा काठ उठायचा. आजी आईला आतूनच विचारायची, "कोंबयो झाकलंस मां?" कोल्ह्याचा धाक एवढाच. कोंबडी गेलीच तर दिवसभर शिव्यांची लाखोली, पण बंदूक घेऊन कुणी निघालं नाही. मळ्यातल्या चिबडांचा हिशेब तर वेगळाच. पिकलेलं चिबूड तो वासावर हुडकायचा. सकाळी पाहावं तर एका बाजूनं पोखरलेलं, आतला गर साफ, सालीवर दातांच्या बारीक खुणा. उरलेलं गुरांपुढं टाकत आजी म्हणायची, "तेचो वाटो तो."

नोकरीनं मला मुंबईत चारकोपला आणलं, तिथंही खाडीतून तोच आवाज आला. शेजाऱ्यांना ती भटकी कुत्री वाटत. एकदा ओहोटीला तो दिसला: तांबूस, किडकिडीत, शेपटीचं टोक काळं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. पुढच्या पंजाखाली खेकडा दाबून आधी नांगी तोडली, मग कवच कडाकडा चावलं.

2005 साली उच्च न्यायालयानं तिवरांची तोड रोखली, लगतच्या 50 मीटरांत बांधकामाला मनाई केली. त्याआधीच किती खाडी भरावाखाली गेली होती! तरी सोसायटीच्या सभेत ठराव आला: कोल्ह्यांना पकडून जंगलात सोडा. हेच त्यांचं जंगल, हे मी पोटतिडकीनं सांगितलं. भीती मात्र खोटी नव्हती. 2024 मध्ये चेंबूर भागात कोल्ह्यांना रेबीज झाल्याचं आढळलं होतं. पण हा रोग भटक्या कुत्र्यांकडूनही कोल्ह्यांत येतो, आणि कुत्री जमतात ती चिकनवाल्यांनी खाडीकडेला ओतलेल्या आतड्या-पिसांवर. कोल्हाही त्याच ढिगावर येतो. एक पकडून नेला तर मोकळ्या जागेत दुसरा येणार, ढीग तिथंच. फोटोसाठी बिस्किटं टाकणाऱ्यांचा तर मला खरोखर राग येतो. माणसाच्या हाताला सोकावलेल्या कोल्ह्याचाच जीव पुढे धोक्यात येतो.

ठराव पुढच्या सभेवर गेला. तोवर मी एका अर्जावर सह्या गोळा करायला घेतल्या. तळमजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, "तो उंदीर खातो का हो?"

"खातो की."

"मग माझी सही घ्या."

अर्जात दोनच मागण्या लिहिल्या आहेत: तो ढीग रोज उचला, आणि इथल्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचा.