जुन्या गाडीची उलटतपासणी

जुनी मोटार बाळगणाऱ्या माणसाकडे लोक दोन दृष्टींनी पाहतात. काहींना तो रसिक वाटतो, काहींना कंजूष. मला हे दोन्ही आरोप नाकबूल आहेत. माझ्या दारी २००१ सालची पांढरी ॲम्बॅसडर उभी आहे ती एवढ्याचसाठी की, गुडघ्यांनी थकलेल्या माझ्या मातोश्रींना तिच्यात फारसे न वाकता बसता येते. धारहून देवासला, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या माझ्या आजोळी, त्यांना महिन्यातून एकदा तरी न्यावे लागते. वाट घाटाबिल्लोदवरून, इंदूर ओलांडून, सुमारे शंभर किलोमीटरची. २०२६ च्या मे महिन्यात या गाडीच्या नोंदणीची मुदत संपते. ती वाढवून घ्यावी की गाडी मोडीत काढावी, हा दावा सध्या घरात प्रलंबित आहे.

गाडी मी २०१४ साली धारमधील एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली. मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यातील सोळावे कलम मी तेव्हाही जाणून होतो. विकणारा त्या मालाचा व्यापारी नसेल, तर मालाच्या गुणवत्तेची हमी कायदा आपण होऊन गृहीत धरीत नाही. डोळे उघडे ठेवण्याचे काम घेणाऱ्याचे. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या मे महिन्यात उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ॲम्बॅसडर बाहेर पडणे कायमचे थांबले. त्यानंतर सुटे भाग मिळविणे म्हणजे जुन्या दफ्तरातून सातबारा शोधण्यासारखे झाले. माझ्या गाडीचे १८०० सी.सी.चे इसुझू बनावटीचे एंजिन मात्र धार जिल्ह्यातल्याच पीथमपूरचे. गावचे म्हणून असेल, पण त्याने मला सर्वांत कमी छळले आहे.

छळतात ती क्षुद्र माणसे, तसेच क्षुद्र भाग. तीन वर्षांपूर्वी देवासहून परतताना घाटाबिल्लोदला, चंबळेच्या काठी, चहाला म्हणून थांबलो आणि गाडी पुन्हा सुरू होईना. स्टार्टर कण्हला, दिवे मंदावले. मातोश्री मागे बसलेल्या, वर रात्रीची वेळ. एका जाणत्याने ताबडतोब बॅटरी दोषी ठरविली व ५,२०० रुपयांचा आकडा सांगितला. आम्ही चौघांनी ढकलून गाडी सुरू केली आणि धार गाठले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणे, हे वीजवाल्याचे काम. वीजवाला म्हणे, स्टार्टर मिस्त्रीने उतरवावा. मला देवासच्या जुन्या कारभाराची आठवण झाली. १९४८ साली मध्य भारतात विलीन होईपर्यंत त्या एकाच गावात पवारांच्या थोरल्या व धाकट्या पातीचे दोन दरबार नांदत होते. मोटारीतही तसेच दोन दरबार असतात, आणि रयतेने कोणाकडे दाद मागावी हे कळत नाही.

शेवटी नौगावातील एका वृद्ध मिस्त्रीला दाखविले. त्याने कशालाही हत्यार लावले नाही. मला स्टार्टर फिरवायला सांगून त्याने चोकच्या तारेला बोट लावले आणि चटकन मागे घेतले. तार तापली होती. एंजिन रबराच्या आधारांवर बसलेले असते, म्हणून त्याला सांगाड्याशी जोडणारी विणलेली एक पट्टी असते. वीज तिच्यातून परत जाते. ती पट्टी गंजली होती, आणि विजेने चोकच्या तारेतून चोरवाट काढली होती. नवी पट्टी व कानसकाम मिळून १८० रुपये झाले. बॅटरी त्यानंतर दोन वर्षे चालली. "वकीलसाब, गाडी झूट नी बोले," एवढेच म्हणून तो विडी पेटवायला वळला. साक्षीदार खरे बोलत असतानाही प्रश्न चुकीचा विचारला म्हणून दावा गेल्याची उदाहरणे मी न्यायालयात पुष्कळ पाहिली आहेत.

पाण्याचे प्रकरण असेच. इंदूरच्या रहदारीत तापमानाचा काटा वर चढू लागला तेव्हा शोधाअंती दिसले की, पूर्वी कोणीतरी थर्मोस्टॅटची झडप काढूनच टाकली होती. ही आपल्याकडची जुनी खोड. झडप नसली म्हणजे मोकळ्या रस्त्यावर एंजिन पुरेसे तापत नाही व पेट्रोल अधिक पिते, आणि गर्दीत तापायचे ते तापतेच. कारण मूळ दोष रेडिएटरमध्ये कूपनलिकेच्या जड पाण्याने धरलेल्या पुटांचा. माझ्या पाळीपर्यंत हेड गॅसकेट गेली होती. तेल मोजण्याची पट्टी ओढली तर तिच्यावर दुधाळ चहासारखा रंग. हेड घासून, गॅसकेट बदलून, रेडिएटर उघडून साफ करून ९,४०० रुपये. तेव्हापासून त्यात शुद्ध पाणी व कूलंट यांखेरीज काही घालीत नाही.

रबराविषयी मात्र लोकांचा मोठा गैरसमज आहे. "गाडी फार चाललेली नाही" असे विकणारा अभिमानाने सांगतो. पण रबर किलोमीटर मोजीत नाही, वर्षे मोजते. उभ्या गाडीतही पाण्याच्या नळ्या तडकतात, बुश सुकतात, ब्रेकच्या नळ्या आतून फुगतात. माझ्या वहीत बुशांचे आकडे दीडशे-दोनशेंचे आहेत, पण त्यांनी पाने भरली आहेत. ब्रेकच्या बाबतीत मी घासाघीस करीत नाही. तिथे जुन्या बाजारातला भागही घेत नाही. पाट्यांचा करकर आवाज ऐकत प्रवास करता येतो, पावटा खाली जात राहिला तर येत नाही.

या सर्वांवर उपाय आहे. ज्यावर अपील नाही ते कलम एकच, गंज. धारच्या लाट मशिदीशेजारी पडलेल्या लोहस्तंभाचे तीन तुकडे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. एकूण लांबी १३ मीटरांहून अधिक. शतकानुशतके ऊन-पाऊस खाऊनही लोखंड टिकले आहे. कोळशावर गाळलेल्या त्या लोखंडात फॉस्फरस अधिक राहिला व त्याने पृष्ठावर संरक्षक थर धरला, असे धातुशास्त्रज्ञ सांगतात. आमच्या पंचवीस वर्षांच्या पत्र्यात तेवढे पुण्य नाही. शिवाय ॲम्बॅसडरला वेगळी चौकट नसते; तळ, खांब, दाराखालचे उंबरे हेच मिळून तिचा सांगाडा. उंबरा कुजला म्हणजे घराची भिंतच खचली. गेल्या महिन्यात मिस्त्रीने डाव्या उंबऱ्याला पेचकस टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला.

आता हिशेब. २०२१ साली नोंदणी वाढविली तेव्हा शुल्क ६०० रुपये होते. एप्रिल २०२२ पासून ते ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील मोटारीस १०,०००. उंबऱ्याचे काम २२,००० चे. सौभाग्यवतींचे म्हणणे असे की, एवढ्यात नव्या-जुन्या गाडीचा पहिला हप्ता भरता येईल. म्हणणे निराधार नाही. माझे उत्तर एवढेच की, त्या गाडीचे दोष मला ठाऊक नाहीत, हिचे सर्व वहीत आहेत. आणि त्या बुटक्या गाड्यांत आईला उतरविताना दोघांना हात द्यावा लागतो.

तडजोड झाली ती अशी: बाहेरचा पत्रा कापून पाहायचा. आतला बळकटीचा पत्रा शाबूत असला तर वेल्डिंग करून गाडी तपासणीला न्यायची, नसला तर मोडीत द्यायची. काल मिस्त्रीने कापायला घेतले आहे. मातोश्रींना चैत्रातल्या नवरात्रात टेकडीला जायचे आहे. तोवर पत्रा होईल का, एवढेच त्यांनी सकाळी विचारले.